तारेला विवेक नसतो: ई. पी. थॉम्प्सन यांचं 'व्हिग्ज अँड हंटर्स' वाचताना



मालकी या विषयावरच्या आपल्या व्याख्यानांमध्ये मागच्या वेळी आपण जॉन लॉकचं मालमत्तेवरचं प्रकरण पाहिलं. श्रम मिसळले की वस्तू आपली होते, हा त्याचा सिद्धांत. व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न आला होता. जमीन माझी, हे मान्य. पण माझ्या जमिनीत न विचारता शिरलेल्या माणसाचं मी नेमकं काय करू शकतो? त्याला हाकलू शकतो, पोलिसांत देऊ शकतो, नुकसानभरपाई मागू शकतो, इथपर्यंत कुणाचा वाद नाही. त्याला जखमी करू शकतो का? त्याच्या खांद्यावर माझ्या रानातला ससा असेल तर? आणि तो ससा खरोखर 'माझा' आहे का?

या प्रश्नाचं उत्तर लॉकमध्ये पुरतं मिळत नाही. म्हणून आज आपण तत्त्वज्ञानाचं पुस्तक बाजूला ठेवून इतिहासाचं एक पुस्तक घेतलं आहे. ई. पी. थॉम्प्सन यांचं 'व्हिग्ज अँड हंटर्स'. ते १९७५ मध्ये आलं. थॉम्प्सन हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या घडणीवरच्या त्यांच्या १९६३ च्या मोठ्या ग्रंथामुळे माहीत असेल. त्या मानाने हे पुस्तक आटोपशीर आहे आणि त्याचा विषय एकच कायदा आहे. १७२३ चा 'ब्लॅक अ‍ॅक्ट'. शिकारीच्या रानात शिरणाऱ्यांसाठी आणि तिथे चोरी करणाऱ्यांसाठी केलेला.

आधी 'ब्लॅक' म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे तोंड काळं करणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र शब्दशः अर्थ घ्यायचा. विंडसरच्या आसपास आणि हॅम्पशायरमध्ये काही लोक तोंडाला काजळी फासून, हत्यारं घेऊन, टोळीने रानात शिरायचे आणि हरणं मारायचे. रान कुठे राजाचं, कुठे विंचेस्टरच्या बिशपचं, कुठे एखाद्या नव्या श्रीमंत उमरावाचं. रखवालदारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, धमक्यांची निनावी पत्रं गेली, कोवळी झाडं तोडली गेली, तळ्यांचे बांध फोडले गेले. या लोकांना 'ब्लॅक्स' म्हणायला लागले आणि त्यांच्यावरून कायद्याला ते नाव पडलं.

सरकार होतं व्हिग पक्षाचं, आणि कारभार रॉबर्ट वॉलपोल यांच्या हाती. कायदा काही आठवड्यांत, फारशी चर्चा न होता मंजूर झाला. त्यात काय होतं? हत्यार घेऊन आणि चेहरा काळा करून, किंवा वेश बदलून, एखाद्या रानात, हरणांच्या कुंपणात किंवा माळावर नुसतं आढळणं, एवढ्यालाही फाशी. शिवाय हरीण चोरणं, राखीव जागेतले ससे चोरणं, तळ्याचा बांध फोडणं, झाडं तोडणं, गुरांना इजा करणं, गंजीला आग लावणं, धमकीचं पत्र पाठवणं. एका कायद्याने फाशीचे सुमारे ५० नवे गुन्हे तयार झाले, असा थॉम्प्सनचा हिशेब. लिऑन रॅड्झिनोविच या कायद्याच्या इतिहासकाराने गुन्ह्यांचे सगळे पोटप्रकार मोजले तर आकडा २०० च्याही वर नेला आहे. आणखी एक कलम होतं. एखाद्याचं नाव जाहीर करून शरण ये असं फर्मान काढायचं आणि तो ४० दिवसांत आला नाही, तर त्याला खटल्याशिवाय दोषी धरायचं. हा कायदा आणला ३ वर्षांसाठी. मुदत वाढत वाढत १७५८ मध्ये तो कायमचा झाला आणि त्याचा बराचसा भाग रद्द व्हायला १८२३ साल उजाडावं लागलं. एका तात्पुरत्या उपायाला शंभर वर्षं लागली जायला!

आता थॉम्प्सनचं खरं काम. ते विचारतात, ही माणसं होती कोण? सरकारी कागद म्हणतात दरोडेखोर. थॉम्प्सन खटल्यांचे कागद, रखवालदारांचे हिशेब आणि गावांतल्या तक्रारी अशी बारीक सामग्री गोळा करून दाखवतात, की त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, क्वचित चांगल्या घरचे लोकही होते. कवी अलेक्झांडर पोपने १७१३ मध्ये विंडसरच्या रानावर कविता प्रसिद्ध केली होती. त्याच पोपचे मेहुणे या प्रकरणात आरोपी म्हणून सापडले.

हे लोक रानात का शिरत होते, ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजीतला 'फॉरेस्ट' हा शब्द मुळात झाडांचा नाही, तो कायद्याचा आहे. राजाच्या शिकारीसाठी जिथे वेगळा कायदा चालतो तो मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यात गावं असतात, शेतं असतात, माळ असतो. लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते. सरपण गोळा करायचं, जळणासाठी मातीचे गवताळ थर काढायचे, गुरं चारायची, हे त्यांचे वहिवाटीचे हक्क होते. हरीण शेतात येऊन पीक खाऊन जायचं आणि शेतकऱ्याने त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे रानालगत शेत असलेल्या कोणालाही हे निराळं समजावून सांगायला नको. त्या काळात विंडसरमध्ये जुने, सुस्त पडलेले रानाचे नियम पुन्हा कडक करण्यात आले. जे काल वहिवाट होतं ते आज चोरी झालं. म्हणजे माणूस होता तिथेच उभा होता, रेघच सरकली आणि तो 'घुसखोर' ठरला. आम्हाला वाटतं, या पुस्तकाची सर्वांत मोठी कमाई ही आहे. आत शिरणं हे नेहमी माणसाचं कृत्य असतं असं आपण समजतो. कधी कधी ते नकाशाचं कृत्य असतं.

दुसरा मुद्दा जनावराच्या मालकीचा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात रानटी जनावर जिवंत आणि मोकळं असेपर्यंत कोणाचंच नसतं. लॉकही असंच मानतो. रेड इंडियन माणसाने मारलेलं हरीण त्याचं, कारण त्याने ते मिळवलं. आणि पाठलाग चालू असलेला ससा पाठलाग करणाऱ्याचा. आता या तत्त्वाने गेलं तर रानातला ससा मारणारा गरीब माणूस चोर कसा? उत्तर असं, की मालकी जनावरावर नव्हती, शिकारीच्या अधिकारावर होती. १६७१ च्या कायद्याप्रमाणे ससा, तितर, फेझंट मारायचा तर सामान्यतः वर्षाला निदान १०० पौंड देणारी स्वतःची जमीन लागे. परगण्यातून पार्लमेंटसाठी मत द्यायला लागे ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड. हिशेब करा. खासदार निवडायला जेवढी जमीन पुरे, तिच्या पन्नासपट जमीन तितर मारायला! आणि लहान शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला, स्वतःचं पीक खाणारा ससासुद्धा मारता येत नव्हता. ही अट १८३१ मध्ये गेली. म्हणजे 'शिकारचोरी' हा शब्द उच्चारला की आपल्या मनात मालमत्तेची चोरी येते, पण पुष्कळदा तिथे चोरलेली गोष्ट होती ती प्रतिष्ठा. हरणाचं मांस हे विकत घ्यायचं मांस नव्हतं, ते भेट द्यायचं मांस होतं.

इथपर्यंत आम्ही थॉम्प्सनबरोबर आहोत. आता जिथे त्यांच्याशी भांडावंसं वाटतं तिकडे येऊ.

रानात न विचारता शिरणारे लोक, ढोबळमानाने पाहिलं तर, तीन प्रकारचे असतात. पहिला नुसता शिरणारा. जवळची वाट म्हणून, फिरायला म्हणून, चुकून, गुरामागे धावत. दुसरा काही घेणारा, पण पोटापुरतं. सरपणाची मोळी, एखादा ससा, टोपलीभर फळं. तिसरा धंदा म्हणून, टोळीने, हत्यार घेऊन, बाजारासाठी चोरणारा. तिसऱ्या प्रकाराला कमी लेखायचं कारण नाही. १७५५ नंतर इंग्लंडमध्ये शिकारीचं मांस विकायला सरसकट बंदी आली. परिणाम काय? लंडनच्या खाणावळींची आणि पक्षी विकणाऱ्यांची मागणी होतीच, ती चोरट्यांनी भागवली. पी. बी. मन्शे यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात या शिकार-कायद्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. तो थॉम्प्सनबरोबर वाचावा, म्हणजे चित्र थोडं समतोल होतं. आजही इंग्लंडच्या शेतांत कुत्री सोडून सशांच्या मागे लागणाऱ्या, त्यावर पैज लावणाऱ्या, शेतकऱ्याला दमदाटी करणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये तिथे शिक्षा वाढवावी लागली. त्या शेतकऱ्याला जाऊन वहिवाटीच्या हक्कांवर प्रवचन देण्याची आमची तरी छाती नाही.

थॉम्प्सनच्या पुस्तकात हा तिसरा माणूस थोडा धूसर राहतो. तो नाही असं नाही. थॉम्प्सन प्रामाणिक लेखक आहेत. हिंसा झाली ती लपवत नाहीत. पण त्यांचा ओढा असा, की प्रत्येक काळ्या चेहऱ्यामागे एखादा हिरावून घेतलेला हक्क सापडावा. टीकाकारांनी यावर बोट ठेवलंच. पॅट रॉजर्स यांना यात गुन्हेगारी टोळ्या अधिक दिसल्या. एव्हलीन क्रुकशँक्स आणि हॉवर्ड अर्स्किन-हिल यांनी १९८५ मध्ये असा युक्तिवाद केला, की यातल्या काहींचा संबंध पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने चाललेल्या कारस्थानाशी होता आणि सरकारची भीती अगदीच पोकळ नव्हती. या वादाचा निकाल इतिहासकारांनी लावावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की कारस्थान खरं असलं तरी त्याने कायद्याचं समर्थन होत नाही. कारण कायदा कारस्थान्यांपुरता नव्हता. तो तळ्याचा बांध फोडणाऱ्यालाही होता.

पुस्तकात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे अधिक माणुसकीने पाहता आलं असतं. रानाचा रखवालदार. विंडसरमधला बॅप्टिस्ट नन हा वरचा अधिकारी थॉम्प्सनने छान उभा केला आहे. हेर नेमणारा, पैशाचा हिशेब ठेवणारा. पण त्याच्या हाताखालचे साधे रखवालदार? रात्री थंडीत कंदील घेऊन फिरणारा हा माणूस मालक नसतो. ससा त्यालाही खायला मिळत नाही. ज्याला पकडायचं तो शेजारच्याच गावचा, कदाचित नात्यातला. मालक आणि चोर यांच्यामधली मारामारी बहुतेक वेळा दोन गरिबांमध्ये होते. राखण कशी करावी याचा विचार करताना राखणाऱ्याचा जीवही हिशेबात धरला पाहिजे. ही कहाणी त्याच्या बाजूने लिहिली असती तर वेगळी झाली असती.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण प्रसिद्ध आहे, आणि वादग्रस्तही. चारशे-एक वाचकांपैकी निम्मे फक्त तेच वाचतात असं आम्हाला कधी कधी वाटतं. सगळं पुस्तकभर कायदा हे वरच्या वर्गाचं हत्यार कसं होतं हे दाखवून झाल्यावर थॉम्प्सन अचानक वळतात आणि म्हणतात, तरीसुद्धा कायद्याचं राज्य ही माणसाची फार मोठी कमाई आहे. का? कारण कायद्याने लोकांना फसवायचं तरी त्याला अधूनमधून खरोखर न्याय्य असावं लागतं. सत्ताधाऱ्यांनाही त्याच्या भाषेत बोलावं लागतं, त्याच्या नियमांत अडकावं लागतं. मनमानी सत्ता आणि कायद्याने बांधलेली सत्ता यांत फरक आहे, आणि तो फरक हसण्यावारी नेऊ नये.

मार्क्सवादी गोटात यावर गदारोळ झाला. मॉर्टन हॉरविट्झ या अमेरिकन कायदेपंडिताने १९७७ मध्ये विचारलं, की हे इतकं निखळ चांगलं आहे का? कायदा सत्तेला अडवतो खरा, पण तोच सत्तेच्या भल्या वापरालाही अडवतो आणि विषमतेकडे डोळेझाक करायला शिकवतो. पेरी अँडरसन यांनी १९८० मध्ये म्हटलं, की जुलमी राजवटीही कायदे करूनच जुलूम करू शकतात.

आपल्याला हा वाद परका वाटू नये. पुस्तक आलं त्याच वर्षी आपल्याकडे आणीबाणी लागली. १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं, की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. त्याच हिवाळ्यात थॉम्प्सन भारतात आले होते. कायदा आहे, न्यायालय आहे, सगळे सोपस्कार पार पडले आहेत, आणि तरी माणूस उघडा पडला आहे. हा अनुभव आपण घेतला आहे. म्हणून कायद्याचं राज्य हे शब्द आपण टाकून देऊ शकत नाही आणि नुसते पुजूही शकत नाही.

आमचं म्हणणं असं, की थॉम्प्सन आणि त्यांचे टीकाकार दोघेही फार उंचावरून भांडले. 'कायदा' चांगला की वाईट? हरणांच्या रानातून याहून लहान आणि जास्त उपयोगी गोष्ट शिकण्यासारखी होती. ती पाहायला पुस्तकाच्या पुढे, शंभर वर्षं सरकावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या शिकारीच्या रानांत दोन यंत्रं फार वापरात होती. एक, माणूस पकडायचा लोखंडी सापळा. दुसरं, तारेची बंदूक. झाडीत बंदूक बांधायची, तिच्या चापाला तार, तार गवतातून ताणलेली. पाय लागला की बार. रखवालदाराला पगार द्यायला नको, तो झोपतो ही तक्रार नको. १८२० मध्ये एक खटला झाला, आयलॉट विरुद्ध विल्क्स. एक माणूस दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या रानात कवची फळं गोळा करायला गेला आणि तारेच्या बंदुकीने जखमी झाला. बंदुका आहेत अशी पाटी लावली होती आणि ते त्याला माहीत होतं. न्यायालय म्हणालं, ठाऊक असून गेलास, भरपाई नाही. पुढच्याच वर्षी सिडनी स्मिथ या पाद्री लेखकाने 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये या यंत्रांवर हल्ला चढवला. त्याच्या युक्तिवादाचा गाभा हा, की ज्या कृत्याला कायदा फाशी देत नाही, त्यासाठी मालकाने खाजगीत मृत्युदंड कसा द्यायचा?

१८२७ मध्ये पार्लमेंटने अशा बंदुकांना मनाई केली. रात्री राहत्या घराच्या रक्षणासाठी तेवढी सूट ठेवली. आणि १८२८ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जाणारा निकाल आला, बर्ड विरुद्ध हॉलब्रुक. इथे रान नव्हतं, ट्युलिपची बाग होती. फुलं एकदा चोरीला गेली होती म्हणून मालकाने बंदूक लावली, आणि पाटी लावली नाही. शेजाऱ्याची लांडोर उडून बागेत गेली. तिला आणायला एक १९ वर्षांचा मुलगा भिंत चढून उतरला आणि गुडघ्याजवळ गंभीर जखमी झाला. घटना बंदीच्या आधीची होती, तरी न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं. गंमत अशी, की निकाल देणारे न्यायमूर्ती बेस्ट हे १८२० च्या खटल्यातही पीठावर होते.

आता विचार करा, तारेच्या बंदुकीत वाईट काय? ती क्रूर आहे, हे झालंच. पण रखवालदारही क्रूर असू शकतो. तारेचा दोष वेगळा आहे. ती विचारत नाही. चोर आला, लांडोरीमागे मुलगा आला, वाट चुकलेली म्हातारी आली, मालकाचाच पोरगा आला, तारेला सगळे सारखे. आपल्या दर्शनांमध्ये 'विवेक' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ शहाणपण नव्हे, वेगळं करणं. मिसळलेल्या दोन गोष्टी निरनिराळ्या करून पाहणं. तारेला विवेक नसतो.

आणि आता मागे वळून १७२३ चा कायदा वाचा. आमच्या मते तो कागदावर ताणलेली तार आहे. वर सांगितलेली तीन माणसं त्याने एकत्र बांधली. हरीण मारणारा, गंजीला आग लावणारा, झाड तोडणारा आणि चेहरा काळा करून नुसता उभा राहिलेला, या सर्वांना एकच उत्तर. पार्लमेंटने रीतसर केला म्हणून तो कायदा. पण कायद्याचं जे खास काम, समोरच्या माणसाला विचारणं की तू नेमकं काय केलंस, का केलंस, कुणाला किती इजा झाली, ते काम त्याने सोडून दिलं. थॉम्प्सनने शेवटी कायद्याची जी थोरवी गायली ती याच विवेकाची थोरवी आहे. त्यांनी ते स्पष्ट म्हटलं असतं, तर ब्लॅक अ‍ॅक्ट त्यांच्या युक्तिवादातला अपवाद म्हणून खटकला नसता. तो विरुद्ध बाजूचं चपखल उदाहरण झाला असता. आणि अँडरसनलाही उत्तर मिळालं असतं: जुलमी राजवट कायदे करते हो, पण तिचे कायदे तारेसारखे असतात.

लॉकचंही इथे पुन्हा वाचन होतं. लॉक चोराला ठार मारायची मुभा देतो, असं आपण मागच्या वेळी पाहिलं आणि काही जण अस्वस्थ झाले. पण त्याचं कारण नीट पाहा. मालाची किंमत हे कारण नाही. जो माझ्यावर बळजबरी करतो, त्याच्या ताब्यात सापडल्यावर तो कुठे थांबेल हे मला ठाऊक नाही, आणि कायदा तेव्हा माझ्या मदतीला पोचू शकत नाही, हे कारण आहे. म्हणजे जीवघेणं उत्तर हे जीवघेण्या धोक्याला आहे. सशाला नाही. हे एकदा कळलं की मालकाचा खरा हक्कही शाबूत राहतो आणि त्याची हद्दही कळते.

उरला तो पहिला माणूस, नुसता शिरणारा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये म्हटलं होतं, की जमीन कसण्यासाठी मालकी हवी हे ठीक, पण म्हणून इतरांना पाऊल टाकू न देण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. रानटी जनावरांची शांतता मोडू नये म्हणून डोंगरच्या डोंगर बंद करणाऱ्या ड्यूक मंडळींना त्याने चांगलंच सुनावलं आहे. पुढे २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर ठरवून, उघडपणे चढले. ते ड्यूक ऑफ डेव्हनशायरचं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचं रान होतं. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. शिक्षा झाली ती झटापटीसारख्या आरोपांसाठी. नुसतं रानात शिरणं हा तिथे फौजदारी गुन्हा नव्हताच, दिवाणी बाब होती. 'आत शिरणाऱ्यावर खटला भरू' ही इंग्रजी पाटी पुष्कळदा निव्वळ लाकडी थाप असते! पुढे २००० साली इंग्लंड-वेल्समध्ये डोंगर-माळांवर पायी फिरायचा हक्क मिळाला, स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने त्याहून मोठा. स्वीडनमध्ये रानात हिंडण्याचा हक्क सर्वांना आहे आणि शिकारीचा हक्क मात्र जमीनमालकाकडे. शिरणं वेगळं, घेणं वेगळं. विवेक केला की रान दोघांनाही पुरतं.

आपल्याकडे काय? आपली दंडसंहिता मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये आखली आणि १८६० मध्ये ती कायदा झाली. आता तिच्या जागी न्याय संहिता आली तरी हा सांगाडा तोच आहे. दुसऱ्याच्या जागेत नुसतं जाणं हा गुन्हा नाही. गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने गेलात तर गुन्हा. मालमत्तेचं रक्षण करताना गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. जीव घेण्यापर्यंत जायची मुभा दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग अशा मोजक्या प्रसंगीच, किंवा चोरी अडवताना जिवाची अगर गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तेव्हाच. इंग्रजांच्या कायद्यातलं सगळंच आपल्याला प्रिय असायचं कारण नाही. पण ही कलमं विवेकाची आहेत.

व्यवहार मात्र अजून तारेचाच आहे. रानडुकरं पीक खातात म्हणून शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडतात आणि सकाळी तिथे शेजारचा माणूस पडलेला सापडतो, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, सरकारी भरपाईची दगदग खरी आहे. तरीही ती तार तीच तार आहे. आणि दुसऱ्या बाजूने, कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झालं. शिकारीचं रान जनावरांना अभय देणारं रान झालं, हे चांगलंच झालं. पण अशा प्रत्येक ठिकाणी विचारायला हवं, की मोळीवाली बाई पूर्वी ज्या रेघेबाहेर होती, त्याच रेघेबाहेर ती आजही का आहे? महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने चराईची राने बंद केल्याची जी तक्रार मांडली, ती विंडसरच्या शेतकऱ्याला एका वाक्यात समजली असती.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. एक सूचना, शेवटचं प्रकरण आधी वाचू नका. आधीची किचकट पानं, कोणाचं कुंपण कुठे सरकलं, कोणी किती झाडं तोडली, रखवालदाराला कोणी काय धमकी दिली, ती चिकाटीने वाचा. निवाडा करायचा तर माणसं एकेक करून पाहावी लागतात, आणि थॉम्प्सनने ती तशी पाहिली आहेत. निष्कर्षात ते थोडे उंच उडाले, पण खाली जमिनीवर त्यांच्याइतका बारीक विवेक करणारे इतिहासकार थोडे.

पुढच्या वेळी मिलचं जमिनीवरचं प्रकरण घेऊ. येताना एक प्रश्न मनाशी ठरवून या: ज्या जमिनीवर आपण काहीच पिकवत नाही, तिथून दुसऱ्याला हाकलण्याचा आपला हक्क कशावर उभा आहे?

 आता प्रश्न विचारा.